घरच्यांना वर्ज्य

सुनेने पान टोकाला धरून ओढलं. मधे खाच पडून ते बाणाच्या शेपटीसारखं तुटलं.

"हेच उन्हाळीचं झुडूप," ती म्हणाली. "पान असं तुटलं नाही तर ते दुसरंच काहीतरी."

झाडपाल्याच्या औषधांची माहिती लिहून घ्यायला कॉलेजातून आलेल्या बाईंनी जांभळ्या फुलांची फांदी कागदात दाबून ठेवली. खाटेवर सासूबाई बसल्या होत्या, आज काय विचारता त्यांचा थाट! अठ्ठावीस वर्षं सुनेपासून लपवलेलं सगळं त्या या परक्या बाईला घडाघडा सांगत होत्या. मुळी चावली की हिरड्या घट्ट होतात, बिया खरजेवर लावायच्या, मुळीच्या सालीचा काढा काविळीवर, सात सकाळी उपाशीपोटी. खणणं, धुणं, वाळवणं सुनेचं. काढा करताना मात्र दार बंद. हमालाला कोण विचारतो!

"काही बंधन असतं का?" बाईंनी विचारलं.

"घरच्यांना द्यायचं नाही," सून पटकन म्हणाली. काढ्याबद्दल एवढं एकच तिला पक्कं ठाऊक होतं. "दिलं तर हाताचा गुण जातो."

तिचा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याचे डोळे पिवळेजर्द झाले, तेव्हा या बंधनापायी त्याला लांबच्या वैद्याकडे न्यावं लागलं. चार दिवस त्यातच गेले, आणि मग मुलगाही गेला. तिने नशिबाला बोल लावला, सासूला कधीच नाही.

"ते लिहू नका," सासूबाई म्हणाल्या. "तसलं काही नाही. ते मीच काढलं होतं."

सुनेचा हात मुळीवर तसाच राहिला.

"का हो, आजी?"

"अहो, कुणाला गुण यायचा, कुणाला नाही. परक्याचं पोर गेलं तर त्याचं नशीब म्हणता येतं. घरचं गेलं असतं, तर रोज हिच्यासमोर जेवायला कशी बसले असते मी?"

"पण तो गेलाच की, आई."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला.

"माझ्या हातून नाही गेला."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात दारात एक गवंडी येऊन उभा राहिला. अंगावर सिमेंट तसंच, खांद्यावर निपचित पडलेली लेक.

"ये रे, बस," सासूबाईंना केवढं हायसं वाटलं. "सूनबाई, मुळी दे इकडे."

सुनेने मुलीच्या डोळ्याखालची कातडी बोटाने ओढून पाहिली. डोळा पिवळाजर्द होता.

"हिला दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता."

"अगं, काय बोलतेस! माझ्या दारातून आजवर कुणी रिकाम्या हाताने गेलेलं नाही!"

सुनेने चपला पायात सरकवल्या.

"चल," ती गवंड्याला म्हणाली, "मी येते बरोबर."