सवतीची पोरं

पाल म्हटलं की लोक शी म्हणत पाय वर घेतात. पण ही तसली नव्हे! करंगळीएवढी, हिरवीगार, पाठीवर लाल ठिपके. रात्री झोपायची, दिवसा मिरवायची, पिकल्या फळाचा गर चाटायची आणि त्याच जिभेनं स्वतःचे डोळे पुसायची. प्राणिसंग्रहालयात तिची देखभाल करणाऱ्या काकांचा तिच्यावर एवढा जीव, की काकू तिला सरळ सवत म्हणत.

तिचं रान कधीच तुटलं होतं. जगात उरली होती दोनच, ही मादी आणि एक नर. थंडीच्या तोंडावर मादी गेली. जाण्याआधी बांबूच्या पेरात दोन अंडी चिकटवून गेली.

"गार ठेवा हं काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सव्वीसच्या वर नको. उबेत नर होतात, गारव्यात मादी. एक तरी मादी हवी, नाहीतर संपलंच सगळं."

काकांना हे तोंडपाठ होतं. पण मागची अंडी गारव्यातच आतल्या आत मेली होती. त्यात कडाक्याची थंडी पडली. पेर हाताला गारढोण लागलं. काकांनी उबेचा दिवा जवळ ओढला, दोन दिवसांपुरता. दोनाचे वीस झाले. तापमानाच्या वहीत मात्र रोज सव्वीसच लिहीत गेले.

दोन्ही पिल्लं सुखरूप बाहेर आली. काका ढसाढसा रडले. काकू बघायला आल्या. "अगंबाई, सवतीची पोरं गोड आहेत की!"

सात महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी भिंग धरलं. दोघांच्याही मांड्यांखाली बारीक छिद्रांची ठळक रांग होती. अशी रांग नरालाच असते.

"दोन्ही नर," बाई म्हणाल्या. "वहीत तर सव्वीसच आहे. असं कसं झालं?"

"खोटं लिहिलं मी. मरतील अशी भीती वाटली हो, म्हणून ऊब दिली. माझ्यामुळे संपलं सगळं."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, "गारव्यात जगली असती का, कुणास ठाऊक." चार शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

तेवढ्यात पिल्लांच्या काचेच्या पेटीत झटापट सुरू झाली. वयात आलेले दोन नर एका जागी नांदत नाहीत. एकाची शेपूट तुटून खाली वळवळू लागली. काकांनी धावत जाऊन रिकामी पेटी आणली, पुसली आणि जखमी पिल्लाला तिच्यात सोडलं. पलीकडच्या पेटीत त्यांचा म्हातारा बाप होताच. आता तिघे आपापल्या काचेआड एकेकटे, आणि एकेक करून मरेपर्यंत त्यांना सांभाळायचं होतं काकांनीच.