लहरीचा मालक

“बोला, काहीही बोला. फक्त मी सांगेपर्यंत थांबू नका,” मोठ्या मॅडम दारातून म्हणाल्या आणि घुम्याने माईक तोंडाशी धरला.

घुम्या हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. त्याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला खिळा उपटायचा. बायको गेल्यापासून घरात आवाज करायचा तो एकटा कुकर. पण प्रयोगशाळेच्या या रिकाम्या खोलीत स्वारी बोलत सुटायची.

पलीकडच्या खोलीतल्या बिनतारी पेट्या मोकळी रेडिओलहर शोधून तिच्यावरून संदेश पाठवत. ती लहर ज्याच्या नावावर, तो लहरीचा मालक बोलू लागला की त्यांनी मुकाट्याने बाजूला व्हायचं. सगळ्याच सतत कान टवकारून बसल्या तर बॅटऱ्या माना टाकणार. म्हणून आळीपाळीने एकीनेच जागायचं, बाकीच्यांनी खुशाल घोरायचं. चाचणीपुरता मालक घुम्या. तो काय बोलतो ते पेट्यांना कळत नसे, कोणीतरी बोलतंय एवढंच कळे. त्याला तेच आवडायचं.

आज शेवटची चाचणी. पास झाली की माईक कपाटात जाणार. ‘नापास झाली तर बरं,’ असं क्षणभर त्याच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. मग त्याने बहिणीच्या मांजरीची गोष्ट सुरू केली. मांजरीने जावयाच्या बुटात पिल्लं घातली होती.

“झालं! एकदाही चुकल्या नाहीत, आणि बॅटऱ्या अजून अर्ध्याहून जास्त!” मॅडम ओरडल्या. टाळ्या झाल्या. गोष्ट अर्धीच राहिली. घुम्याने माईक पुसून खोक्यात ठेवला. झाकण लावायला त्याला उगाच वेळ लागला.

बॅटऱ्या सांभाळणाऱ्या बाई चहा घेऊन आल्या. “अहो, मग? बुटांचं काय झालं?”

घुम्या गर्रकन वळला. “तुम्ही ऐकत होता?”

“म्हणजे काय! पेट्या म्हणतात कोणीतरी बोलतंय, पण ते खरं का खोटं, माणसाने ऐकून बघायला नको? पहिल्या दिवसापासून ऐकतेय. तुमच्या मिसेस स्वयंपाक करताना शिट्टी वाजवायच्या, ते सांगितलंत ना, तेव्हा तर मी रडले.”

घुम्याचे कान लालबुंद झाले. पळून जावंसं वाटलं. पण खरं सांगायचं तर, इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

“सांगा ना, जीव टांगणीला लागलाय माझा.”

“मग काय,” घुम्या म्हणाला, “जावईबापू गेले सासूच्या चपला घालून!”

बाई खो-खो हसल्या. मॅडम वळून बघायला लागल्या. घुम्या बोलतच सुटला. चहा गार झाला तरी त्याची रिकामी मूठ तोंडाशीच धरलेली होती.