तेवीस नावांचं गाणं

मी जीवराम नानांचा बेंजो. इतकी वर्षं नुसता वाजलो, आज थोडं बोलतो, कारण मनात एक गोष्ट सलते आहे.

धुळ्याच्या एका सुताराने मला सागाच्या फळीतून घडवलं. वर टाइपरायटरसारख्या कळा, खाली पोलादी तारा. हळद असो की वरात, माझ्यावाचून खानदेशात कुणाचं पाऊल उचलत नाही, असा माझा तोरा. नानांनी मला घेतलं तेव्हा त्यांची रूपा रांगत होती. आता तिचंही लग्न होऊन गेलं.

देवपुरात प्रशीलचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे घरामागची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. लग्नघरांसाठी हळदीची गाणी बनवायची आणि मांडवात जाऊन गायची, हा त्याचा धंदा. या गाण्यात घरच्यांची नावं गुंफतात. ज्याचं नाव येईल त्याने उठून नवरदेवाला हळद लावायची. साथ नानांची नि माझी, गळा प्रशीलचा आणि शब्द भागाबाई अक्कांचे.

अक्कांना लिहिता येत नाही, पण लग्नघरातून आलेल्या यादीवर त्यांचा कधीच भरवसा नसे. त्या स्वतः त्या घरी जात, बायकांबरोबर पापड लाटायला बसत आणि सहज विचारत, "घरम्हा कोनं नाव ऱ्हाई गयं?" मग कुणीतरी हळूच सांगे. रुसून बसलेला चुलता, नवऱ्याने टाकलेली लेक, विधवा आत्या. अक्का ते नाव बरोबर मधल्या कडव्यात बसवीत. विधवेला हळदीपासून लांब ठेवणारी माणसंही गाण्यात नाव आल्यावर आडवी येत नसत. देवाच्या नावाने सुरू झालेलं गाणं भरमांडवात कोण अडवणार?

पण यात चार दिवस जात. जळगावचा एक जण एका दिवसात गाणं द्यायला लागला आणि प्रशीलचा फोन वाजेनासा झाला. तेव्हा त्याने मोबाइलवर दोन एआय ॲप शोधली. एक गाणं लिहून देणारं, दुसरं संगीत करून देणारं. दोन्हींचे पैसे एकदम झेपणार नव्हते. म्हणजे अक्का की नाना, एकाला घरी बसवायचं.

एका दुपारी संगीतवाल्या ॲपने बेंजो वाजवून दाखवला. तार नाही, कळ नाही, नानांची नखी नाही, आणि आवाज थेट माझा. मी गारठलो. प्रशील डोकं धरून बसला. पोरगा वाईट नाही तो. शेवटी म्हणाला, "नाना, तुमचं काम अर्ध्या दिवसात होतं. वेळ जातो तो शब्दांना."

म्हणजे घरी बसणार अक्का. त्यांच्यासाठी नानांना तेव्हा बोलता आलं असतं. ते माझी तार पिळत राहिले. आणि मी? जात्यातले रडतात, सुपातले हसतात, तसा मी हसलो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

पुढच्याच महिन्यात पारोळ्याकडच्या एका गावात राकेश नावाच्या मुलाची हळद होती. यादी फोनवर आली, तेवीस नावं. ॲपने घटकाभरात सगळी चालीत बसवली, यमकासकट. प्रशील गायला लागला. सुरतचा मामा नाचत उठला, पुण्याची मावसबहीण उठली. मी असा वाजलो की मांडव डोलायला लागला.

माझ्या समोरच खांबाला टेकून कमलबाई उभ्या होत्या. राकेशची विधवा आत्या. आई गेल्यावर त्याला लहानाचा मोठा यांनीच केला, असं बायका सकाळी बोलत होत्या. हळदही त्यांनीच दळली होती. बोटं पिवळी झालेली, हातात छोटी वाटी. प्रत्येक नावाला त्या जरा पुढे सरकत, पुन्हा मागे होत. यादी करणाऱ्याने त्यांना मुद्दाम वगळलं असेल असं मला वाटत नाही. घरातलंच माणूस, त्याला काय लिहायचं, एवढंच झालं असावं.

तेविसावं नाव झालं आणि गाणं संपलं. कमलबाई वाटी घेऊन नानांजवळ आल्या.

"गानं सरनं का, भाऊ?"

"सरनं, ताई."

त्यांनी मान हलवली. वाटी माझ्याशेजारी ठेवली आणि भांडी घासायला निघून गेल्या. राकेश पाहुण्यांबरोबर फोटो काढत होता.

परतताना नानांनी प्रशीलला हे सांगितलं. तो म्हणाला, यादीतच नाव नव्हतं, यंत्र तरी काय करणार? ते खरंच होतं.

"भागाबाई ऱ्हाती ते इचारती," नाना म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, "मी त्या दिन बोलनू नही."

त्या हळदीवरून प्रशीलला तीन नवी कामं मिळाली. आता दुसरंही ॲप येणार म्हणतात. तसं झालं तर मी खोळीत जाईन. त्याचं रडगाणं मला गायचं नाही आणि तुम्हीही माझी कीव करू नका.

मला खुपतं ते वेगळंच. त्या मांडवात माझी एक तार जरी तुटली असती, तरी गाणं मध्येच थांबलं असतं. लोकांनी माना वळवल्या असत्या आणि वाटी धरून उभी असलेली ती बाई सगळ्यांना दिसली असती. मला ती दिसत होती. पण बिघडलेला बेंजो कोण ठेवतो, या भीतीने मी शेवटपर्यंत सुरात वाजत राहिलो.