पहिलं माप

"काकी, रिकामीच दे ना वं! चार शेर ज्वारी लिसन मुंबईले जाऊ का मी?"

"रिकामं माप कोणी दारबाहेर काढस का?" काकीने पायलीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि विषय संपवला.

दगूबाई काकी म्हणजे माझी चुलती. आई-वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची. तिने मला म्हसावदला आणलं, स्वतःच्या गिरधर-दोधूबरोबर वाढवलं आणि लोकांची तोंडं बंद करून जळगावच्या कॉलेजात घातलं.

साल एकसष्ट. मुंबईच्या एका संग्रहालयात सहा महिन्यांची उमेदवारी होती, जागा एकच. दोनदा माझा अर्ज परत आला होता आणि पुढच्या महिन्यात वयाची अट ओलांडणार होती. म्हणजे ही शेवटची खेप. या वेळी मुलाखतीला वापरातून जाणारी एक वस्तू आणायची होती. बाजारात किलो आला नि आमची लाकडी पायली माळ्यावर गेली, म्हणून मी तीच निवडली. मापांवर चार पानं लिहून घडाघडा पाठही केली.

नंदुरबारला गाडीत बसेपर्यंत हात भरून आले. काकीला मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मुलाखतीत टेबलावर पायली ठेवताना फडकं सुटलं आणि ज्वारी साहेबांच्या कागदांवर सांडली. कारकून फिदीफिदी हसला. पाठ केलेली चारही पानं गुल! मग मात्र माझं डोकं फिरलं.

"हसायला काय झालं? धान्याचं माप आहे, फुलदाणी नाही!"

पदर खोचला, फडकं जमिनीवर पसरलं, सगळी ज्वारी गोळा केली. पायली भरली, वर शीग चढवली आणि काकीसारखीच हाक दिली, "लाभ!" ओतली. तीच ज्वारी पुन्हा भरली. "दोन!"

"एक का नाही म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, साहेब. पहिलं माप म्हणजे घरात आलेला लाभ. त्याच्यामागून बाकीची मोजायची."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. माझ्या काकीच्या तोंडी आहे."

साहेबांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, "पायली इथेच राहू द्या. आणि तुम्ही एक तारखेपासून या."

ज्वारी मी घरी परत आणली. काकीने तीच दळून संध्याकाळी भाकरी टाकल्या. तिचे आभार कसे मानायचे ते गाडीत जुळवत आले होते. ताटं तीन, मी आणि दोघे भाऊ. पहिली भाकर माझ्या ताटात पडली.

"लाभ," काकी पुटपुटली. मग गिरधरला, "दोन." दोधूला, "तीन."

पंधरा वर्षं, मी घरी असले की ती असंच वाढत होती. मुंबईच्या साहेबांना अर्थ सांगून आले, पण घरात मी तो कधी ऐकलाच नव्हता. पोरक्या पुतणीला या बाईने पहिल्या दिवसापासून घराचा लाभ धरलं होतं. जुळवलेले आभार बाजूला ठेवून मी भाकर मोडली.

"काय व्हयनं वं? रडी का ऱ्हायनी?"

"काही नई, काकी. भाकर गरम शे."