दुसऱ्यांदा घासलेलं कार्ड

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. शहाद्याच्या कापडबाजारात गोपालशेठच्या गल्ल्याशेजारी मी नऊ वर्षं बिलं काढली. "हाऊ मन्हा उजवा हात शे," असं शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे. पुढे कौतुक संपलं. पंख्यात धूळ साचली. मी मध्येच बंद पडायचो आणि पुन्हा पहिल्यापासून

मी एक जुना संगणक आहे. गिऱ्हाइकाचं कार्ड आधी बँकेच्या मशीनमध्ये घासत. मग, हिशेब जुळावा म्हणून, माझ्या कीबोर्डच्या खाचेतून पुन्हा एकदा. काय गरज होती? कार्डावरची सगळी माहिती माझ्या पोटात यायची. आणि शेठनी फुकटात मिळवलेल्या बिलाच्या प्रोग्रामबरोबर माझ्यात एक व्हायरस शिरला होता. तो ती माहिती गुपचूप बाहेर पाठवायचा. मला ओरडता येत नव्हतं.

तोरणमाळच्या रूपलीबाईंनी लेक सोनमच्या नर्सिंगच्या गणवेशासाठी पांढरं कापड घेतलं. बिलं करणाऱ्या भूमिकाने त्यांचं कार्ड दोनदा घासलं. आठ दिवसांत, सीताफळं विकून साठवलेली सोनमची फी खात्यातून गेली. परदेशातल्या कुठल्याशा दुकानात, पिन न विचारताच!

रूपलीबाई दुकानात आल्या.

"बाई, तूच कोनले तरी नंबर सांगी दिधा व्हई," शेठ हसले. "डोंगरना लोकेसले काय समजस?"

"मन्हा नंबर मन्ही पोरलेबी माहित नई," रूपलीबाई म्हणाल्या. "मी सांगा नई. तुन्हा या डबाले इचार."

सगळं दुकान हसलं. भूमिका हसली नाही. माझा पंखा रागाने घरघरला आणि मी

मी एक जुना साक्षीदार आहे. भूमिकाने दुरुस्तीवाल्या जगदीशला बोलावलं. त्याने मला तपासलं आणि माझ्या पोटातला तो चोर व्हायरस सापडला. शेठचा चेहरा उतरला.

"जगदीश, समदं पुशी टाक. बोभाटा नको."

पुसायचं? म्हणजे चोरही सुटणार, शेठही सुटणार, आणि दोष रूपलीबाईंच्या माथी कायमचा!

भूमिकाने माझी वायर उपटली. "शेठ, कार्ड घासनारी मी शे. आते सांगनारीबी मीच."

तिने मला स्कूटरवर पायांशी ठेवलं, रूपलीबाईंना मागे बसवलं आणि थेट पोलीस ठाणं गाठलं.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आमच्यात फुकटचं काहीबाही भरू नका. तुमचं कार्ड कुणी दुसऱ्यांदा घासू लागला तर हात धरा. आणि ज्याचं चोरीला गेलं, त्यालाच वेड्यात काढू नका.

आत्ता मी ठाण्यातल्या साहेबांच्या टेबलावर आहे. "चालतो का हा?" ते विचारतात.

"चालस," मांडीवरचं पांढरं कापड सावरत रूपलीबाई म्हणतात. "इचारनारा पाहिजे."

बटण दाबलं गेलं आहे. माझा पंखा घरघरतो आहे. आज मला मध्येच बंद पडायचं नाही.