चौदा धावा पाहिलेला टीव्ही

मित्रांनो, माझ्या पाठीला पोक आलंय, बटणं झिजलीत आणि चित्र यायला दोन थपडा लागतात. मी एक जुना टीव्ही आहे. तेनालीतल्या कोटेश्वरराव नावाच्या शिंप्याच्या दुकानात, शिलाई मशीनसमोरच्या फळीवर माझा उभा जन्म गेला.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, लोक माझ्याकडे डोळे भरून पाहतील. कोटेश्वररावांनी मला कौतुकाने आणलं, कपाळावर कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पहिल्याच सामन्यात माझ्याकडे पाठ केली. आपण पाहिलं की विकेट पडते, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. चुकून पाहिलंच आणि विकेट गेली, तर ते चटकन षटकभर तेलुगू सिनेमा लावायचे. तिथे त्यांचा लाडका हिरो एका ठोशात वीस गुंड आभाळात भिरकावायचा. गुंड खाली यायच्या आत हे पुन्हा सामन्यावर. अशाने त्यांना ना धड सामना कळला, ना सिनेमा.

"आमचे फलंदाज उभे राहत नाहीत आणि आमचा हिरो काही केल्या बाद होत नाही," ते कात्री आपटून म्हणायचे. "दोघांनी एकदा जागा बदलून बघावी."

हिरोचे सिनेमे मात्र ओळीने पडत होते. तरीही दर नव्या सिनेमाला, थिएटरपुढच्या त्याच्या भल्यामोठ्या चित्रावर दूध ओतायला हे सगळ्यांच्या आधी हजर.

"अहो, त्या पुठ्ठ्याला दूध पाजून आलात, आता कॉफीत काय घालू?" त्यांच्या पत्नी सामराज्यम विचारायच्या. हे बिनदुधाची कॉफी निमूट प्यायचे. मला त्यांचा रागही यायचा आणि मायाही वाटायची.

त्यांची मुलगी हारिका माझ्यावरचे सामने बघत बघत खेळायला शिकली. तिचे पहिले पॅड वडिलांनीच कोटाच्या जाड अस्तरात कापूस भरून शिवले. पण तिचा एकही सामना त्यांनी पाहिला नाही. ती मैदानावर गेली की हे मशीनवर मान घालून बसत. तिने अर्धशतक केलं की म्हणत, "मी गेलो नाही म्हणून झालं."

पुढे ती राज्याच्या संघात गेली. अंतिम सामना टीव्हीवर दाखवणार, असं ठरलं. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"नान्ना, उद्या तुम्ही बघायचं."

"नको बुज्जी. मी बघितलं की विकेट पडते. माझ्यापायी तुझं नुकसान नको."

"तुम्ही न बघता मी कितीदा बाद झाले, ते मोजलंय कुणी? बाकीच्या मुलींचे बाबा येतात. बाद होऊन परतताना मी त्यांच्याकडेच बघत येते."



दुसऱ्या दिवशी कोटेश्वररावांनी मशीन झाकलं आणि खुर्ची माझ्यापुढे ओढली. मी जीव तोडून चित्र स्वच्छ ठेवलं. हारिकाने दोन सुंदर चौकार मारले. चौदा धावांवर तिचा त्रिफळा उडाला.

सवयीने त्यांचा हात रिमोटवर गेला. मी घाबरलो. पण त्यांनी रिमोट सामराज्यमच्या हाती दिला आणि खुर्ची आणखी पुढे घेतली. मान खाली घालून, बॅट काखेत धरून लेक परतत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी डोळे हलवले नाहीत.

सामना गेला. संध्याकाळी फोनवर ती म्हणाली, "नान्ना, तुमच्यामुळे हरलो म्हणू नका हं."

"नाही म्हणत. तो बॉल आत वळला. तू पाय पुढे टाकायला हवा होतास."

पलीकडे ती रडता रडता हसली. "म्हणजे खरंच बघितलंत."

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरले नाहीत. मला पुसलंत, जपलंत तर बरंच वाटेल, पण माझं मागणं वेगळं आहे. आपलं माणूस जिंकतं तेव्हा सारं गाव बघतं. ते हरून परत येत असेल, तेव्हा तुम्ही चॅनेल बदलू नका.