त्या व्हिडिओतली पिवळी व्हॅन

मुलांची ने-आण करून करून म्हातारी झालेली मी एक पिवळी व्हॅन आहे, मित्रांनो.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरी होते. भांडुपच्या सहदेव परबांनी मला घेतलं, पिवळा रंग दिला, खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि पाठीवर 'स्कूल व्हॅन' असं ठळक लिहून खाली स्वतःचा मोबाईल नंबर टाकला. त्यांचे वडील गिरणी कामगार. त्या घरातली पहिली गाडी मीच. मला पहिला हार घालताना सहदेवकाकांच्या आईने माझ्या बॉनेटवरून हात फिरवला होता, तो मला अजून आठवतो.

अकरा वर्षं मी भांडुपची मुलं मुलुंडच्या शाळेत पोचवली आणि घरी आणली. शांताबाई माझ्या दाराशी बसायच्या, मुलांना चढवायच्या-उतरवायच्या. "सहदेवदादा आहेत ना, मग काळजी नाही," असं पालक एकमेकांना सांगत. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग तो मंगळवार आला. शाळा सुटल्यावर आम्ही परतत होतो. एका लहानग्याला वर घरापर्यंत सोडायला शांताबाई इमारतीत गेल्या होत्या. तेवढ्यात दुसरीतल्या दिशाला उलटी झाली. गणवेश खराब झाला, तशी ती घाबरून किंचाळायला लागली. सहदेवकाकांनी तिला उचलून खाली घेतलं, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. "रडा नको गो बाय, आता घराक जाऊया," असं म्हणत, हातपाय झाडणाऱ्या दिशाला त्यांनी परत आत बसवलं आणि दार लावलं. घरी पोचल्यावर तिच्या आईला, श्वेताताईंना, त्यांनी फोन करून सगळं सांगितलंही.

पण समोरच्या गॅलरीतून कोणीतरी वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. त्यात तोंड धुणं नव्हतं. होती फक्त किंचाळणारी मुलगी, तिला गाडीत घालणारा माणूस आणि माझा नंबर. संध्याकाळपर्यंत त्याखाली मजकूर आला: 'मुलं पळवणारी टोळी. गाडीचा नंबर बघून ठेवा. सगळ्या ग्रुपवर पाठवा.'

आम्हा तिघांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

बुधवारी दुपारी सात मुलं घेऊन आम्ही भांडुपला वळलो, तोच एक स्कूटर आडवी आली. "हीच ती! नंबर बघ, नंबर!" बघता बघता चहूबाजूंनी माणसं जमली. अर्ध्या जणांच्या हातात फोन होते, माझ्याकडे रोखलेले.

"अहो, शाळेतली पोरं आहेत. रोजची आहेत माझी," सहदेवकाका सांगत होते. कोणी ऐकून घेईना. त्यांना कॉलर धरून बाहेर ओढलं. शांताबाईंनी आतून दार लावलं आणि मुलांना सीटखाली वाकवलं. एका हेल्मेटच्या घावाने माझी पुढची काच फुटली. मी जागची हलू शकत नव्हते. माझ्या पोटात सात मुलं रडत होती, आणि त्यांचं रडणं हाच बाहेरच्यांना पुरावा वाटत होता.

एकाने खिडकीला फोन चिकटवला. "बघा बाई, कोणाबरोबर काम करताय ते!" शांताबाईंनी पाहिलं आणि त्या ओरडल्या, "अगो, ही तर आमची दिशा!"

दिशा त्या दिवशी आजारी म्हणून घरी होती, घरही जवळच. शांताबाईंनी श्वेताताईंना फोन लावला. त्या दिशाला कडेवर घेऊन धावत आल्या.

"सोडा त्यांना! ही माझी मुलगी आहे. हिला उलटी झाली होती!"

गर्दी चपापली. स्कूटरवाला म्हणाला, "आम्हाला काय माहीत? पालकांच्या ग्रुपवरनं आलाय मेसेज." श्वेताताईंनी त्याचा फोन हिसकावून घेतला. ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्याचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ते नाव त्यांचंच होतं.

माणसं पांगली. एकानेही माफी मागितली नाही. सहदेवकाकांचा ओठ फाटला होता.

त्यानंतर पाच घरांनी मुलं पाठवणं थांबवलं. "तसा विश्वास आहे हो, पण..." एवढंच म्हणायचे. माझ्या पाठीवरचा मोबाईल नंबर सगळीकडे पोचला होता, त्यामुळे अनोळखी माणसं फोन करून घाण शिव्या द्यायची. एका सकाळी सहदेवकाकांनी डबा आणला आणि त्या नंबरावर काळा रंग फासला. मग उरलेल्या मुलांसाठीही त्यांनी मला बाहेर काढलं नाही. मी नाल्याकाठी नुसतीच उभी राहिले. टायर बसले, धूळ चढली. सहदेवकाका माझ्याकडे फिरकेनात.

एका रविवारी श्वेताताई आल्या. काका पायरीवर बसले होते.

"दादा, तो मेसेज मीही पाठवला. ऑफिसात होते. व्हिडिओ उघडलासुद्धा नाही. मुलांच्या काळजीपोटी..."

काका म्हणाले, "ताई, तुम्ही तर माका ओळखत होतात."

श्वेताताई त्या पाचही घरी गेल्या आणि 'चूक माझी' म्हणून तोंडाने सांगून आल्या. पंधरा दिवस रजा काढून त्या रोज माझ्या पुढच्या सीटवर बसल्या, सगळ्यांना दिसतील अशा. तीन घरं परत आली. दोन आली नाहीत.

मी पुन्हा धावते आहे, मित्रांनो. पण मूल रडलं की सहदेवकाका आता मागे वळत नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून शांताबाईंना हाक मारतात. आणि तो व्हिडिओही अजून फिरतोच आहे, आता भलत्याच शहराच्या नावाने. सिग्नलला कोणी फोनवरून नजर उचलून माझ्या नंबराकडे पाहिलं, की काकांचा श्वास अडकलेला मला कळतो.

कधीतरी तो व्हिडिओ तुमच्या घरातल्या फोनवरही येईल. आई-बाबांचं बोट तो पुढे पाठवायच्या बटणाकडे जाईल, तेव्हा त्यांचा हात धरा. सांगा, की ती मुलगी आजारी होती, आणि तो माणूस तिचं तोंड धूत होता.